सोसायटीची परवानगी आणि पावसाळ्याची तारीख

कोकणातल्या हाउसिंग सोसायटीला सभासदाचा अर्ज फेटाळायची गरजच पडत नाही. 'पुढच्या मीटिंगला घेऊ' एवढं म्हटलं की पुरतं. मुंबई-पुण्यात परवानगी दोन महिने लांबली तर मनस्ताप होतो, रत्नागिरीत ती दोन महिने लांबली तर वर्ष जातं. कारण साधं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि सप्टेंबर संपेपर्यंत भिंतीवर हात ठेवला तर तळव्याला ओल लागते. त्या भिंतीवर पुट्टी धरत नाही, रंग धरत नाही, वॉटरप्रूफिंगचं रसायन तर मुळीच धरत नाही. म्हणजे फ्लॅटचं काम काढायचं तर दिवाळीनंतर, आणि आटपायचं मेच्या मध्यापर्यंत. त्यातही मे महिन्यात कर्नाटकातले गवंडी गावी जायच्या गडबडीत असतात आणि बंद फ्लॅटांमधून चाकरमानी येऊन राहिलेले असतात, त्यांना दुपारची झोप हवी असते.

आता फेब्रुवारीत दिलेल्या अर्जाचं काय होतं ते बघा. 'मार्चएंड होऊ दे, हिशेब चाललेत.' एप्रिलमध्ये चेअरमन मुलाकडे गेलेले असतात. मेमध्ये कोरम होतो, पण सगळे पाहुण्यांत. जूनमध्ये विषय आपोआप मिटतो. मग वार्षिक सभा, ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते म्हणून गणपती आटोपले की घाईघाईने घेतात, आणि तिथे कोणीतरी म्हणतं, 'एवढा मोठा विषय, सगळ्यांना विचारून करू.' निम्म्या फ्लॅटांना कुलूप आहे. सगळे म्हणजे कोण?

माझं म्हणणं असं आहे की परवानगी मागायला लावणं योग्यच आहे. चुकतं ते दोन ठिकाणी. समिती नको ते विचारते, आणि उत्तर कधी द्यायचं याचं तिच्यावर बंधन मानत नाही. कोकणाच्या हवेत या दोन चुका मिळून इमारतीचं जेवढं नुकसान करतात, तेवढं एखाद्या उनाड सभासदालाही जमणार नाही.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 मध्ये स्पष्ट सवलत आहे की इमारतीच्या फक्त आतल्या भागाशी संबंध असलेल्या, बाहेरून रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. फरशी बदलायला नगरपरिषदेत जावं लागत नाही. पण सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, सांगतात की सभासदाने फ्लॅटमध्ये कोणतीही वाढ किंवा फेरफार समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करू नये. सरकार जिथे डोकावत नाही तिथे शेजारी डोकावतो. यावर चिडणारे पुष्कळ आहेत: 'माझं घर, माझे पैसे, हे कोण विचारणारे?' त्यांना उत्तर एवढंच की तुमच्या बैठकीची जमीन हे खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराचं छत आहे. स्लॅब, बीम, कॉलम, बाहेरच्या भिंती, उभ्या पाइपलाइनी यांतलं तुमच्या एकट्याचं काही नाही.

म्हणून समितीला अधिकार हवा. पण त्या अधिकाराचं समिती करते काय? अशा मीटिंगांना मी बसलो आहे. ग्रिल काळं की चॉकलेटी, यावर चहा दोनदा होतो. सेफ्टी डोअर बाहेर उघडणार की आत, जिन्यात वाळूच्या गोणी किती दिवस, लिफ्टमधून फरशी नेली तर लिफ्टला चरे पडतात, दोन ते चार काम बंद हवं. यातलं काहीच चूक नाही. पण ज्या अर्जावर ही चर्चा होते त्या अर्जात दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं, 'बाथरूम पूर्ण नवीन करणे', आणि त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही.

'बाथरूम पूर्ण नवीन करणे' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खोलीच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो, गवंडी त्याला 'सनकन' म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरलेला असतो. नवी नहाणी करायची तर हे सगळं उकरून काढायला लागतं. पूर्वी छिन्नी-हातोड्याने चार-पाच दिवस लागत. आता ब्रेकर लावला की दुपारपर्यंत खड्डा मोकळा. ब्रेकर चालवणाऱ्या पोराला कोबा कुठे संपला आणि स्लॅब कुठे सुरू झाला हे हाताला कळत नाही. कळतं तेव्हा सळई दिसलेली असते. मग त्यावर घाईने सिमेंटचं पाणी मारतात, नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जमिनीतलं तोंड) बसवतात, भिंत-जमिनीच्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सांध्यावरचा सिमेंटचा भराव, नीट गोल काढत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी फरशी लावून मोकळे होतात. खरं तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशीच्या आधी, ट्रॅप बंद करून तो खड्डा दोन-तीन दिवस पाण्याने भरून ठेवायचा असतो. त्या दिवसांत वरच्या आणि खालच्या दोघांनी मिळून खालचं छत बघायचं असतं. हे करायला पैसा लागत नाही, फक्त दोन-तीन दिवस थांबावं लागतं. मी पाहिलेल्या कुठल्याही परवानगीपत्रात ही अट नव्हती. दुपारच्या झोपेची मात्र प्रत्येकात होती.

उघडी पडलेली सळई कुठेही वाईटच, पण समुद्राकाठी ती दसपट वाईट. काँक्रीटमधला अल्कलीपणा सळईवर एक पातळ संरक्षक थर धरून ठेवतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत आत गेले की तो थर फुटतो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुगतं, तडकतं आणि छतातून पोपडे खाली येतात. आय.एस. 456:2000 या भारतीय मानकाने किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला 'सिव्हिअर' वर्गात घातलं आहे: किमान एम-30 प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचं आवरण. त्याआधीच्या 1978 च्या मानकाच्या हिशेबात स्लॅबला 15 मिलिमीटर आवरणही चालून जाई. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, त्याच्या आगेमागे रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे ज्या चार मजली इमारती उठल्या, त्यांतल्या किती जणींना 45 मिलिमीटर मिळालं असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. त्यात हातपाटीने काढलेली खाडीची वाळू. ती गोड्या पाण्यात नीट धुतली नसेल तर मीठ बाहेरून यायचीही गरज नाही, ते पहिल्या दिवसापासून घरातच आहे.

अशा स्लॅबवर वजन वाढवणं हा दुसरा मुद्दा, आणि इथे दोष समितीचा कमी, घरमालकाचा जास्त. जुनी फरशी काढायचा त्रास नको म्हणून तिच्यावरच दोन इंच माल टाकून नवी लावतात. दोन इंच माल आणि टाइल मिळून दर चौरस मीटरला साधारण सव्वाशे किलो भरतात. राहत्या खोलीच्या स्लॅबने माणसं आणि सामान यांसाठी जे वजन पेलायचं धरलेलं असतं ते आहे 200 किलो. म्हणजे कुणी घरात पाऊल टाकण्याआधीच निम्म्याहून अधिक क्षमता फरशीने खाल्ली. टेरेसवर बाग करणाऱ्यांचं तर विचारूच नका. फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास, आणि कोकणात जून ते सप्टेंबर माती ओलीच असते. शिवाय हल्ली बैठकीच्या एका भिंतीला जांभ्याच्या चिऱ्याचं क्लॅडिंग करायची टूम निघाली आहे. आजोबांच्या घराचा चिरा चौथऱ्याच्या वर उभा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बीमला त्या आठवणीचं ओझं कशाला?

इथे घाटकोपर आठवतं. 25 जुलै 2017 ला तिथली सिद्धी साई ही इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात इमारतीच्या आधाराच्या भागांना हात लावल्याचा आरोप ठेवून गुन्हा दाखल झाला. रहिवाशांना काम चाललेलं दिसत होतं, ठोकाठोक ऐकू येत होती. 24 ऑगस्ट 2020 ला आपल्याच महाडमध्ये तारिक गार्डन पडली, 16 जण गेले. तिथे नूतनीकरणाचा प्रश्न नव्हता, मूळ बांधकामाच्या दर्जाचा होता, आणि इमारत काही जुनाटही नव्हती. दोन्ही घटना एकत्र ठेवल्या की कळतं की कोकणातल्या समितीला कुठल्या दोन गोष्टी एका वेळी विचारायच्या आहेत: मुळात इमारत कशी आहे, आणि त्यात हा माणूस काय करणार आहे. पहिल्याचं उत्तर नसताना दुसऱ्याला 'हो' म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. 'नाही' म्हणणंही तितकंच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळवायची सोय उपविधींतच आहे. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. किती सोसायट्या करतात? जिथे होतं तिथेही अहवाल सेक्रेटरींच्या कपाटात जातो. तो परवानगीच्या अर्जासोबत टेबलावर आला पाहिजे. अहवाल म्हणत असेल की दक्षिणेकडचे दोन कॉलम तडकलेत, तर त्या बाजूला वजन वाढवायला कोणालाच परवानगी नाही, चेअरमनच्या भाच्यालाही नाही. अहवाल म्हणत असेल की सांगाडा ठणठणीत आहे, तर स्वयंपाकघराची फरशी बदलणाऱ्या बाईंना सहा महिने ताटकळत ठेवायला समितीकडे कारण उरत नाही.

कारण नसताना ताटकळत ठेवलं जातं त्यामागे काय असतं, हेही मोकळेपणाने बोलायला हवं. अर्ज कुणाचा आहे यावर बरंच ठरतं. बारा महिने राहणाऱ्याचा अर्ज आणि मुंबईहून मे-गणपतीला येणाऱ्याचा अर्ज सारखा तोलला जात नाही. आडनाव बघितलं जातं, कधी ताटात काय असतं तेही. ज्याने गेल्या सभेत हिशेबावर प्रश्न विचारला त्याची फाइल तळाला जाते. आणि ज्याने झडीला कंटाळून बाल्कनीला काचा लावून घेतल्या त्याला नोटीस काढणाऱ्या समितीतल्या तिघांच्या बाल्कन्या आधीच बंद असतात. (पश्चिमेच्या बाल्कनीत जुलैमध्ये एकदा उभं राहून बघावं म्हणजे काचा का लागतात ते कळेल. पूर्वी पडवीला झापं बांधत, आता स्लायडिंग लावतात.)

पण समितीच्या संशयाला आधारच नसतो असंही नाही. दापोली, मालवण, अलिबागकडे 'नूतनीकरण' म्हणून आत घेतलेला माल पुष्कळदा होमस्टेचा निघतो. दोन बेडरूमच्या चार खोल्या, प्रत्येकीला बाथरूम, आणि ती नवी बाथरूमं खालच्याच्या देवघरावर. मुंबईचा इंटिरिअरवाला मोबाइलवरचे फोटो दाखवून 'ओपन किचन' विकतो. त्याला इथला पाऊस माहीत नाही आणि ती भिंत का होती तेही माहीत नाही. समितीत बसलेले निवृत्त मास्तर किंवा बँकेतले बाबा फुकट राबतात, शिव्या खातात, त्यांच्यापैकी कोणी इंजिनिअर नसतो. नक्की काय विचारायचं हे ठाऊक नसलं की माणूस जे ठाऊक आहे ते विचारतो. म्हणून ग्रिलचा रंग.

पैशाचाही एक पदर आहे. उपविधींप्रमाणे दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के जमवायचा. उदाहरणच घ्यायचं तर 16 फ्लॅटांची इमारत पंचवीस वर्षांपूर्वी फ्लॅटमागे पाच लाखांत बांधली, तर वर्षाचे होतात 60 हजार. एवढ्यात बाहेरचा रंग सोडा, परांची उभी राहत नाही. मग समितीची नजर नूतनीकरण काढणाऱ्याकडे जाते: एवढे लाख घालतोय, सोसायटीला काही देणगी द्यायला काय हरकत आहे? हरकत आहे. जिना खराब झाला, राबिट पडून राहिलं तर भरपाई म्हणून परतीचं डिपॉझिट घ्यावं, काम संपल्यावर मोजून परत द्यावं. परवानगीच्या बदल्यात देणगी हा निधी नव्हे, तो वाटमारीचा सभ्य प्रकार आहे. फ्लॅट हस्तांतराच्या प्रीमियमला 25,000 रुपयांची कमाल मर्यादा आणि भाड्याने दिलेल्या घराच्या ना-भोगवटा शुल्काला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा शासनाला घालावी लागली ती उगाच नाही. इमारतीला पैसे कमी पडतात तर सर्वसाधारण सभेत सगळ्यांकडून वाढवून घ्या. ते अवघड आहे म्हणून अडलेल्या एकाला धरू नका.

गळतीची भांडणं याच निधीपाशी येऊन थांबतात. उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने, गच्चीतून, सामायिक पाइपांतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती ज्याची त्याने. कागदावर हे स्वच्छ आहे. जुलैत छतावर उमटलेला ओलीचा डाग मात्र कोणाचा ते सांगत नाही. सोसायटी म्हणते वरच्याची नहाणी, वरचा म्हणतो बाहेरची भिंत पाणी पिते. दोघेही पावसात भांडतात, जेव्हा काही कळणं शक्य नाही. डाग जानेवारीत बघायला हवा. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत असताना जो डाग ओला आहे तो नहाणीचा किंवा पाइपाचा. जो वाळून पिवळा पडलाय तो पावसाचा. तरी शंका राहिली तर वरच्या ट्रॅपमध्ये रंगीत पाणी सोडून बघता येतं. वर्षातून एकदा, जानेवारीत, समितीने प्रत्येक फ्लॅटचं छत बघून वहीत नोंदवलं तर फेब्रुवारीतल्या अर्जांवरची निम्मी चर्चा आधीच झालेली असेल.

मग परवानगी कशी द्यावी? माझ्या मते कामाला एकच प्रश्न लावावा: स्लॅब, बीम, कॉलम, बाहेरची भिंत, पाणी यांतल्या कशाला हे शिवतं का? रंग, फर्निचर, दरवाजे, वायरिंग ही कामं त्यांतल्या कशालाही शिवत नाहीत. तिथे परवानगीचा सोपस्कार नामापुरता ठेवावा, अर्ज मिळाल्याची पोच आणि सेक्रेटरींची सही आठवड्यात. फरशी, बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा हलवणं याला अटी घालून परवानगी: जुनी फरशी काढूनच नवी, स्लॅबपाशी ब्रेकर नको, पाणी भरून चाचणी खालच्याच्या समक्ष. बीमला भोक पाडून एसीचा पाइप, भिंत काढणं, बाल्कनी बंद करणं, गच्चीवर माती किंवा पत्रा, याला इंजिनिअरच्या लेखी अहवालाशिवाय हात लावायचा नाही. आणि बाहेरून दिसणाऱ्या किंवा सांगाड्याला शिवणाऱ्या कामाला नगरपरिषदेचं बघावं लागतं ते वेगळंच, सोसायटीने हो म्हटलं म्हणून ते टळत नाही.

आणि मुदत. बांधकाम परवानगीच्या अर्जावर नियोजन प्राधिकरणाने 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाल्याचं मानलं जातं, हे 1966 च्याच कायद्यात आहे. आख्ख्या शहराचा कारभार बघणाऱ्या नगरपरिषदेला साठ दिवस पुरतात असं कायदा धरतो. मग एकाच जिन्यातून वर-खाली करणाऱ्या समितीला तीस दिवस भरपूर झाले. सोसायटीने आपल्या सर्वसाधारण सभेत ठराव करावा की अर्जावर तीस दिवसांत लेखी उत्तर जाईल, नकार असेल तर कारणासह. 'समितीला योग्य वाटत नाही' हे कारण नव्हे. 'ऑडिटमध्ये या बाजूचा बीम तडकलेला आहे' हे कारण. सांगाड्याच्या कामात गप्प बसणं म्हणजे होकार असं मात्र कधीच धरू नये. तिथे समितीने उत्तर दिलं नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार हाच रस्ता, लांबचा असला तरी. बाकीच्या कामांना तीस दिवसांनंतर सभासदाने काम काढावं आणि ठरावातच तसं लिहिलेलं असावं.

राहिला इंजिनिअर. त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर हे सगळं अडतं. सभासदाने आणला तर तो सभासदाला हवं तेच लिहून देतो. सोसायटीने आणायचा तर निधी नाही. सोसायटीने वर्षासाठी एक माणूस ठरवावा, त्याची भेटीची फी आधीच ठरलेली असावी, अर्जदाराने ती सोसायटीच्या खात्यात भरावी आणि सोसायटीने त्याला द्यावी. सही करणारा आणि पैसे देणारा यांच्यात एवढं अंतर पुरे होतं. गुहागर, देवगडसारख्या ठिकाणी असा माणूस शेजारच्या तालुक्यातून आणावा लागेल, तर एका रस्त्यावरच्या चार सोसायट्यांनी मिळून आणावा. दिवाळीनंतर एकदा येऊन चारही इमारतींमधले अर्ज त्याने एका फेरीत बघितले तर फी वाटली जाईल आणि मेआधी कामंही उरकतील.

वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी निघावी लागते. विषय त्याआधी लेखी द्यायला हवा, पोच घेऊन. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात तो टाकला तर हिशेबावर दीड तास, पार्किंगवर एक तास होऊन त्याची पाळी येईल तेव्हा निम्मी माणसं बटाटेवड्याच्या बशा घेऊन खुर्च्या मागे सारत असतील.